ब्रह्मपुरीची पांढर

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ फुटांवर आली की धोका पातळी. जुलै-ऑगस्टात हे दोन आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ साली नदीने ५० फूटही ओलांडले आणि पाणी कोणत्या पेठेत शिरतं, कोणत्या गल्लीच्या तोंडाशी थांबतं, हे घरोघरी नव्याने समजलं. शहराचा सगळ्यांत जुना इतिहास वाचायला बसताना हा पुराचा हिशोब शेजारी ठेवावा. नदीकाठी पहिली घरं घालणाऱ्यांपुढे दुसरा मोठा प्रश्न नव्हताच. पाणी रोज हाताशी हवं आणि वर्षातून चार दिवससुद्धा घरात नको. पंचगंगेच्या उजव्या काठाला, घाटाच्या अंगाला ब्रह्मपुरीचा जो उंचवटा आहे, तिथे हे दोन्ही साधत होतं.

कोल्हापूर किती जुनं, असं विचारलं की बहुतेकांचं बोट अंबाबाईच्या देवळाकडे जातं. देऊळ जुनंच आहे, पण वस्ती त्याहून कितीतरी आधीची आहे आणि ती नदीकडे आहे. आज आपण ज्याला जुनं कोल्हापूर म्हणतो ते मुळात एक गाव नव्हतंच. ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, पद्माळा, रंकाळा आणि रावणेश्वर अशा सहा वस्त्या होत्या. प्रत्येकीचं आपलं पाणी, आपला देव आणि मधे शेतं. त्यातल्या पहिल्या तिघी नदीच्या बाजूच्या, बाकीच्या तळ्यांच्या बाजूच्या. नदीकडून तळ्यांकडे सरकत गेलेलं गाव, असा या शहराचा ढोबळ आराखडा मांडला तर फारसं चुकत नाही.

ब्रह्मपुरीची टेकडी सगळीच निसर्गाने दिलेली नाही. तिचा काही भाग माणसाने घातला आहे, तोही ठरवून नव्हे, राहून. गावाकडे जमिनीचे दोन भाग सांगतात: काळी आणि पांढरी. काळीत पिकं, पांढरीवर घरं. पांढरीची माती राखाडी, हलकी, बोटात धरली तर पिठासारखी. तिच्यात चुलीची राख, शेण, कुजलेलं गवत, हाडं, खापराचा चुरा आणि विरघळलेल्या भिंती असतात. या भिंतींचा वाटा किती, याचा एक साधा हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. दहा बाय बाराची एक खोली घ्या. भिंत दीड फूट जाड, आठ फूट उंच, कच्च्या मातीची. चारही भिंतींची मिळून माती सुमारे ६०० घनफूट होते. घराचा बाहेरून ठसा १३ बाय १५, म्हणजे १९५ चौरस फूट. घर पडलं आणि सगळी माती जागच्या जागी बसली तर तीन फुटांचा थर होईल. प्रत्यक्षात निम्मीअधिक माती पुढच्या घराला वापरली जाते, काही पावसात वाहते, काही अंगणात पसरते. तरी एका घराच्या मरणाने जमीन नऊ इंच ते फूटभर उंचावते. मातीचं घर नीट लिंपलं, दरसाल शाकारलं तर दोन पिढ्या टिकतं. आता चारपाच शतकांची वस्ती धरा आणि गुणाकार करा. गाव स्वतःच्याच ढिगाऱ्यावर चढत जातं आणि जितकं चढतं तितकं पुरापासून सुरक्षित होतं. पहिल्या पिढीने निवडलेला उंचवटा दहाव्या पिढीला अधिक उंच मिळाला, तो असा.

या मातीत काही आहे हे कळलं ते १८७७ मध्ये. त्या वर्षी दोन वेगवेगळे शोध लागले. एक, शहरात एक ढिगारा उकरताना बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि त्यात दगडी पेटी निघाली. पेटीवर ब्राह्मी अक्षरांत लेख होता: ‘बम्हस दानं धमगुतेन कारितं’. ब्रह्म नावाच्या माणसाचं दान, धर्मगुप्ताने करवून घेतलेलं. एवढीच ओळ, पण तिच्यावरून दान देणारा आणि काम करवून घेणारा अशी दोन माणसं नावानिशी समोर येतात. कोल्हापुरात नावाने माहीत असलेली याहून जुनी माणसं क्वचितच दाखवता येतील. दुसरा शोध ब्रह्मपुरीच्या टेकडीवरचा: शिशाच्या नाण्यांचा साठा. जुन्या लिपींचे जाणकार पंडित भगवानलाल इंद्रजींनी ती नाणी वाचली.

या नाण्यांवर थोडं थांबायला हवं. ती दिसायला बोजड, धातू शिसं. एका बाजूला कमानींचा डोंगर आणि कठड्यातलं झाड, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण आणि भोवती राजाचं नाव. नावं तीन: वासिठीपुत विळिवायकुर, माढरिपुत सिवलकुर आणि गोतमिपुत विळिवायकुर. साल कुठेच नाही. मग आधी कोण, नंतर कोण? याचं उत्तर नाण्यांच्याच अंगावर सापडलं. नवा राजा आला की जुनी नाणी गोळा करून त्यांच्यावर आपला ठसा मारून पुन्हा चालवायची रीत होती. शिसं मऊ असल्याने ठसा सहज बसतो, पण खालचा पूर्ण मोडत नाही. सिवलकुराचा ठसा वासिठीपुताच्या नाण्यांवर मारलेला मिळतो, आणि गोतमिपुताचा ठसा दोघांच्याही नाण्यांवर. झाला क्रम: वासिठीपुत, माढरिपुत, गोतमिपुत. नवा शिक्का पाडण्याचा खर्च वाचवायला केलेली ही काटकसर दोन हजार वर्षांनी वंशावळ लावायला उपयोगी पडली. टॉलेमी या ग्रीक भूगोलकाराने दुसऱ्या शतकात आपल्या भूगोलात ‘हिप्पोकूरा, बलेओकूरोसची राजधानी’ असं लिहिलं आहे. बलेओकूरोस म्हणजे विळिवायकुर, यावर अभ्यासकांचं बऱ्यापैकी एकमत आहे. हिप्पोकूरा म्हणजे कोल्हापूरच, असं मात्र अभिमानापोटी ठोकून देऊ नये. नाणी इथे चालत होती, एवढं निर्विवाद.

पद्धतशीर खणायला लागले ते त्यानंतर ६७ वर्षांनी. १९४४-४५ मध्ये राजाराम कॉलेजचे प्रा. के. जी. कुंदनगार यांनी टेकडीवर काम केलं आणि पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी. त्यांचा अहवाल १९५२ मध्ये छापून आला. महाराष्ट्रातल्या प्राचीन वस्तीचं थराथराने केलेलं इतकं सविस्तर वर्णन तोवर फारसं झालं नव्हतं.

खाली सापडलं ते सातवाहन काळातलं विटांचं घर. बांधणीत शहाणपण होतं. कोल्हापूरची नदीकाठची माती काळी, चिकण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीवर थेट वीट रचली तर चार उन्हाळ्यांत भिंत तिरकी तडकते, आणि तडा नेहमी कोपऱ्यातून सुरू होतो. त्यावर उपाय म्हणून पायात नदीचे गोटे भरून वर वीट. गोट्यांच्या फटींत पाणी अडून राहत नाही आणि मातीची हालचाल भिंतीपर्यंत सगळी पोचत नाही. आजही काळ्या मातीत घर बांधताना गवंडी आधी ती काढून मुरूम भरायला सांगतो, ते याच कारणाने. सातवाहनकालीन वीट आपल्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब आणि पसरट असते, साधारण १६ ते १८ इंच लांब आणि ३ इंचांच्या आसपास जाड. जाडी वाढवली की आतला गाभा कच्चा राहतो, म्हणून कुंभार लांबी-रुंदीत मोठा हात घ्यायचा आणि जाडीत आखडता. छपराला चपटी कौलं: पाणी वाहायला खोबणी आणि एका टोकाला दोन भोकं, खिळ्याने वाशाला ठोकायला. कोकणातून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा पाहता, ही दोन भोकं शोभेची नव्हती.

भांड्यांमध्ये एक जात ब्रह्मपुरीमुळे पश्चिम दख्खनच्या अभ्यासात पक्की झाली. आतून बरीचशी काळी, बाहेरून तांबूस, वर बारीक पांढरट रेघांची नक्षी. ती करायची रीत उलटी होती. आधी पांढऱ्या मातीने रेघा ओढायच्या, मग सगळ्यावर गेरूसारखा तांबूस पातळ लेप द्यायचा आणि भाजायचं. लेप जाड झाला की रेघा गडप होतात, फार पातळ झाला तर भांडं फिकट पडतं. चांगल्या तुकड्यावर रेघ लेपाखालून डोकावते. वाडगे आणि थाळ्या यांतच हे काम जास्त दिसतं, म्हणजे ताटात बसणारी भांडी नटवलेली, रांधायची साधी. बायकांनी भांड्यांची ही वाटणी अजून मोडलेली नाही.

आणि मग काशाचा साठा. पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची छोटी मूर्ती, पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची कथा कोरलेली चकती, रोमन बनावटीची भांडी, आरसा, आणि त्यांच्याच बरोबर इथल्याच हातांनी घडवलेला, पाठीवर स्वार बसलेला काशाचा हत्ती. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून पंचगंगेच्या काठी आला कसा, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. वाट अवघड नाही. चौल किंवा त्याच्या दक्षिणेची लहानमोठी बंदरं, तिथून अणुस्कुरा, फोंडा, आंबा यांपैकी एखादा घाट, आणि वर चढलं की सरळ पंचगंगेचं खोरं. जोतिबाच्या डोंगरालगत पोहाळ्याची लेणी आहेत, उत्तरेला कऱ्हाडची. लेणी आणि व्यापारी वाटा सोबतीने चालतात, हे पश्चिम दख्खनमध्ये जागोजाग दिसतं.

अवघड प्रश्न दुसरा आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही: या वस्तूंवरून त्या घराचं वय ठरवता येतं का? १९४५ मध्येच पाँडिचेरीजवळ अरिकमेडू इथे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर खणत होते. तिथे रोमन दारूचे रांजण आणि इटलीतली चकचकीत लाल भांडी निघाली. रांजण फुटतो, टाकला जातो, भांडं दहावीस वर्षांत मोडतं, त्यामुळे ज्या थरात तुकडा त्या थराचा काळ जवळजवळ मिळतो. कोल्हापूरच्या काशाचं तसं नाही. काशाची मूर्ती फुटत नाही. ती बापाकडून मुलाकडे जाते, गहाण पडते, सुटते, पुन्हा विकली जाते. मूर्ती घडली तेव्हा आणि ती ब्रह्मपुरीच्या घरात ठेवली गेली तेव्हा, या दोहोंत पन्नास वर्षंही असतील किंवा शंभरही. मूर्तीच्या शैलीवरून घराचं वय सांगणं म्हणजे आजीच्या पाटल्यांवरून नातवाच्या फ्लॅटचं वय सांगण्यासारखं. थराचं वय ठरवायला मोडकी, टाकाऊ, स्वस्त वस्तू जास्त खऱ्या. म्हणून खणणारे खापरांची पोती भरतात आणि बघणारे कंटाळतात.

सातवाहनांनंतरच्या शतकांचा पुरावा टेकडीवर त्या मानाने विरळ आहे. शिलाहारांच्या काळात कोल्हापूर भरभराटीत होतं, हे शिलालेख सांगतात. दुसऱ्या भोजाची सत्ता तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादव सिंघणाने संपवली, तोवर इथे देवळं उभी राहिली, दानं दिली गेली. मग ब्रह्मपुरीत त्याचा दाट थर का नाही? इथे एक नेहमीची गल्लत होते. टेकडीवर घरं कमी झाली म्हणजे गाव ओस पडलं, असं समजलं जातं. सहा वस्त्या डोळ्यांपुढे ठेवल्या तर वेगळं दिसतं. देवळाचा परिसर वाढला, तळी झाली, पाणी नदीवरच भरायला हवं असं राहिलं नाही, आणि वजन पूर्वेला-दक्षिणेला सरकलं. आमच्या मते ब्रह्मपुरी त्या काळी मेली नव्हती, ती शहराची कड झाली होती. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी या नव्या पेठा वसल्यावर जुन्या पेठांचं जे झालं तेच, फक्त हजार वर्षं आधी.

बहमनी काळात टेकडी पुन्हा गजबजलेली दिसते, आणि तिची खूण म्हणजे काचेच्या बांगड्या. एकरंगी तर आहेतच, पण वेगवेगळ्या रंगांच्या काचा एकत्र चढवलेल्या बहुरंगी बांगड्यांसाठी ब्रह्मपुरीचं नाव काचेच्या अभ्यासात घेतलं जातं. बहुरंगी बांगडीत एक अडचण असते. दोन रंगांच्या काचा निवताना सारख्या आकसल्या नाहीत तर सांध्यावर बारीक तडा राहतो, आणि बांगडी हातात चढवताना तिथेच मोडते. म्हणून भट्टीतून काढून लगेच गार करायची नाही, गरम राखेत हळूहळू निवू द्यायची. बांगडी उत्खननाच्या दृष्टीनेही फार उपयोगाची. स्वस्त, रोज फुटणारी, कुणी जपून न ठेवणारी.

थर वाचणं पुस्तकात सोपं वाटतं: खालचं जुनं, वरचं नवं. ब्रह्मपुरीसारख्या जागी ते नेमकं कुठे बिघडतं ते पाहू. पहिला घोळ पेवांचा. धान्य साठवायला वरच्या काळातले लोक सहा-आठ फूट खोल खड्डा घेतात आणि तो खालच्या वस्तीत घुसतो. पेव बुजलं की बहमनी बांगडी सातवाहन जमिनीच्या पातळीला जाऊन बसते. पेवाची कड दिसली नाही तर नोंद चुकली. दुसरा घोळ विटांचा. खालची भाजकी वीट आयती मिळते म्हटल्यावर नवीन वीट कोण भाजणार? वरचे लोक जुनी भिंत पुरती उपसून नेतात. मागे उरते फक्त भिंतीच्या आकाराची भुसभुशीत मातीची पट्टी, तळाशी गोटे. अनुभवी माणूस ती पट्टी पाहून ‘इथे भिंत होती’ म्हणतो, नवखा तिला उंदराचं बीळ समजतो. उंदीर, मुळं आणि मुंग्या यांचा तिसरा घोळ, लहान मण्यांच्या बाबतीत तो विशेष. चौथा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत निरुपद्रवी दिसणारा: पांढरीची माती शेताला फार चांगली. तिच्यात राख आणि कुजलेलं शेण, त्यामुळे गाड्याच्या गाड्या भरून ती खत म्हणून नेण्याची पद्धत साऱ्या महाराष्ट्रात होती. किती नाणी, किती मणी अशा रीतीने उसाच्या मुळाशी गेले असतील, त्याचा हिशोब लागणार नाही. खजिना शोधणाऱ्यांपेक्षा खत शोधणाऱ्यांनी प्राचीन गावांचं नुकसान जास्त केलं, असं म्हणावंसं वाटतं. त्यांना दोष मात्र देता येत नाही.

पुढचं थोडक्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीला छत्रपतींची गादी पन्हाळ्यावरून कोल्हापुरात आली आणि वस्त्यांमधली शेतं भराभर भरली. १८५४ मध्ये नगरपालिका झाली, १८७० च्या दशकात पंचगंगेवर दगडी पूल बांधला गेला, १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि शहराचं तोंड नदीकडून स्टेशनकडे वळलं. तळीही बुजत गेली. कपिलतीर्थाची मंडई झाली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी साचतं आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. तळ्याची जागा बदलत नाही, वर काय आहे तेवढं बदलतं. सहा वस्त्यांचे सांधे ओळखायचे तर असेच ओळखावेत, सखल रस्त्यांवरून आणि तुंबणाऱ्या चौकांवरून.

ब्रह्मपुरीतून निघालेल्या वस्तू ठेवायला १९४६ मध्ये कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय सुरू झालं आणि १९४९ पासून ते टाऊन हॉलमध्ये आहे. पोसायडन तिथेच आहे. पण टेकडीच्या आजूबाजूला, उत्तरेश्वर-शुक्रवार पेठेच्या बाजूला, जुनी घरं पाडून नवी बांधणं चालूच आहे, आणि कॉलमच्या खड्ड्यांत जे दिसतं ते संग्रहालयात जात नाही. जेसीबी सहा-आठ फूट खाली जातो तो नेमका वाचण्यासारख्या थरांतून. घरमालकाने दोन तास दिले तरी बरंच काही राहील. खड्ड्याची एक बाजू थापीने उभी, सरळ तासून घ्यायची आणि वर थोडं पाणी शिंपडायचं. ओल्या मातीत रंगातला फरक उठून दिसतो, सुकली की सगळं एकसारखं करडं. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहायचं, दुपारी नको. खालून सुरुवात करायची: खापर, कोळसा, वीट काहीच नसलेली काळी किंवा पिवळसर माती लागली की ती मूळ जमीन. तिच्या वर पहिली राख कुठे दिसते ती रेघ शोधायची. खापराचे तुकडे उचलताना प्रत्येक रेघेपुरते वेगळ्या पिशवीत, पिशवीवर खोली लिहून. खोली रस्त्याच्या सध्याच्या पातळीवरून मोजू नये, कारण डांबराचा थर दर दोन-चार वर्षांनी चढतो. शेजारच्या जुन्या घराच्या जोत्याची किंवा एखाद्या देवळाच्या पायरीची उंची धरावी आणि ती कोणती धरली हे लिहून ठेवावं. फोटोत फूटपट्टी हवी, नुसता हात नको.

नाणी, मूर्ती, दागिना असं काही निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपयांचा आकडा तेव्हापासूनचा. विटेला, कौलाला, बांगडीच्या तुकड्याला हा कायदा सहसा कुणी लावत नाही, त्यामुळे ते डंपरमधून राडारोड्याबरोबर जातात. डंपर भरण्याआधी निदान फोटो आणि पिशव्या तेवढ्या टाऊन हॉलला दाखवाव्यात.